किनाऱ्यावर लागलेला देवमासा ओळखावा कसा?

(किनारपट्टीवरील ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि विविध खात्यांचे क्षेत्रीय कर्मचारी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक कबुली देणे मला अगत्याचे वाटते. मी प्राणिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मी कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील एक अधिकारी आहे. तरीही देवमाशांच्या ओळखीविषयी आपणांशी बोलण्याचे मी मान्य केले, याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक हे होय.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, किनाऱ्यावरील एका गावी उधाणाबरोबर एक मृत देवमासा पुळणीवर येऊन पडला. बातमी कळताच मी तेथे पोहोचलो. प्रेत पालथे नव्हते, उताणे होते. पोट फुगलेले, डोके अर्धेअधिक वाळूत रुतलेले आणि दुर्गंधी अशी की जवळ उभे राहणे कठीण. भोवती जमलेल्या मंडळींपैकी कोणी तरी "निळा देवमासा" असे म्हटले आणि तेच नाव सर्वांच्या तोंडी झाले. मी पावलांनी अंतर मोजले, पन्नास फूट असा अंदाज केला आणि सायंकाळी वृत्तपत्रांकडे टिपण धाडले : ‘पन्नास फुटी निळा देवमासा किनाऱ्यावर’. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने खड्डा खणून प्रेत आत लोटण्यात आले. लोटताना ते क्षणभर कुशीवर वळले आणि त्याच वेळी तेथील प्राथमिक शाळेच्या एका गुरुजींनी डोक्याचे छायाचित्र घेतले. तत्पूर्वी मैदान आखण्याची फीत आणून त्यांनी लांबीही मोजून ठेवली होती. ती अडतीस फूट भरली. पुढे ते छायाचित्र एका जाणकारांना दाखविले असता ते म्हणाले, "या डोक्यावर तीन कंगोरे स्पष्ट दिसत आहेत. हा निळा देवमासा नव्हे, हा ब्रूडेचा देवमासा."

मी दुरुस्तीचे टिपण पाठविले. परंतु पहिली बातमी जितक्या ठळकपणे छापली गेली, तितकी दुरुस्ती छापली जात नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. एका चुकीच्या नावाला सरकारी टिपणाचा आधार मिळाला तो मिळालाच. अशी चूक आपल्या हातून घडू नये, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

देवमासा म्हणजे मासा नव्हे

संस्कृतात ज्याला तिमिंगिल म्हटले आहे तो हा प्राणी नावाने मासा असला, तरी जातीने सस्तन आहे, हे येथील शिक्षकबंधूंना सांगावयास नको. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. त्याच्या शेपटाचा पर आडवा असतो, माशाचा उभा असतो. केवळ या एका खुणेने व्हेल शार्क हा प्रचंड मासा आणि देवमासा यांतील फरक ध्यानी येतो. व्हेल शार्कला मानेच्या बाजूस कल्ल्यांच्या फटीही असतात. देवमाशाला त्या नसतात.

देवमाशांचे दोन मोठे वर्ग आहेत. एक दातांचा. त्यात डॉल्फिन आणि पेटीसारख्या चौकोनी डोक्याचा स्पर्म व्हेल हे येतात. या वर्गातील प्राण्यांना डोक्यावर एकच श्वासरंध्र असते. दुसऱ्या वर्गाला दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून नखासारख्या पदार्थाच्या शेकडो पट्ट्या दोन रांगांनी खाली लोंबतात. पट्ट्यांच्या आतील कडांना राठ केस असतात आणि त्यांची मिळून एक गाळणी तयार होते. प्राणी तोंड भरून पाणी घेतो, जिभेच्या दाबाने ते बाहेर टाकतो आणि आतील भक्ष्य गाळणीत अडकते. या वर्गाला श्वासरंध्रे दोन असतात. म्हणून किनाऱ्यावरील प्राण्याविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : तोंडात दात आहेत की पट्ट्या?

गाळणीच्या वर्गातील ज्या जातींच्या गळ्यावर लांब खाचा असतात, त्यांच्यापैकी एक आपला आजचा विषय आहे. लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणे या खाचा एकमेकींलगत असतात आणि भक्ष्य गिळताना उलगडून गळ्याचा मोठा पिशवीसारखा फुगवटा होतो. मेलेल्या प्राण्याच्या अंगात वायू साठला की हाच भाग विलक्षण फुगतो आणि पाहणाऱ्याला प्राणी आहे त्याहून कितीतरी मोठा भासतो. माझा पन्नास फुटांचा अंदाज असाच फुगलेला होता.

दोन नावे, दोन बिगर-शास्त्रज्ञ

या देवमाशाच्या नावाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि शासकीय सेवेतील मंडळींना तर तो विशेष जवळचा वाटावा. १८७१ साली ब्रह्मदेशात, मार्ताबानच्या आखाताला मिळणाऱ्या सित्तांग आणि बिलिन या नद्यांच्या दरम्यान, एका अरुंद खाडीत एक देवमासा शिरला आणि अडकून मेला. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात आला. संग्रहालयाचे तत्कालीन प्रमुख जॉन अँडरसन यांनी त्याचा अभ्यास करून १८७९ मध्ये ही नवी जात असल्याचे जाहीर केले आणि तिला ‘बॅलीनॉप्टेरा एडेनी’ असे शास्त्रीय नाव दिले. हे ‘एडेनी’ म्हणजे कोण? ब्रिटिश ब्रह्मदेशचे मुख्य आयुक्त सर ॲशली ईडन. सांगाडा मिळवून देण्यास त्यांचे साहाय्य झाले होते.

पुढे दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओर्यान ओल्सेन या नॉर्वेजियन अभ्यासकाला असे आढळले की, तेथील शिकारी ज्या प्राण्याला सरसकट सेई देवमासा म्हणत होते, त्यात एक निराळी जात मिसळलेली आहे. १९१३ साली त्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दरबान येथे देवमाशांच्या शिकारीचे केंद्र उभारण्यात ज्यांचा हात होता, त्या योहान ब्रूडे या नॉर्वेच्या वाणिज्यदूताचे नाव तिला दिले. या नावाचे स्पेलिंग पाहून कोणी ‘ब्रायड’ असा उच्चार करतात. तो बरोबर नव्हे. १९५० मध्ये युंगे या डच प्राणिशास्त्रज्ञाने सिंगापूरजवळच्या एका बेटावरील सांगाडा तपासून ईडन आणि ब्रूडे यांच्या नावाचे प्राणी एकाच जातीचे असल्याचे मत मांडले. आज सामान्यतः जात एक मानतात आणि तिचे दोन प्रकार समजतात : किनाऱ्यालगत वावरणारा लहान चणीचा एडेनी आणि खोल समुद्रातील मोठा ब्रूडेई.

ईडन प्रशासक होते, ब्रूडे वाणिज्यदूत. दोघांपैकी कोणीही शास्त्रज्ञ नव्हते. तरीही त्यांचे साहाय्य वेळेवर मिळाले म्हणून एक जात जगाला कळली. हाडे खाडीच्या चिखलातच राहिली असती तर ती कळण्यास आणखी किती काळ गेला असता, कोण जाणे!

ओळखीच्या खुणा

आता प्रत्यक्ष खुणांकडे वळू. क्रम ध्यानी ठेवावा, कारण सर्व खुणा सारख्याच भरवशाच्या नसतात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खूण डोक्यावर आहे. श्वासरंध्रांपासून मुस्कटाच्या टोकाकडे जाणारा एक कंगोरा या कुळातील बहुतेक जातींना असतो. ब्रूडेच्या देवमाशाला मधल्या कंगोऱ्याच्या दोहों बाजूंस आणखी एकेक असे एकूण तीन कंगोरे असतात. नांगरलेल्या शेतात तीन वरंबे समांतर जावेत तसे ते दिसतात. निळा, फिन, सेई व मिंके या देवमाशांच्या डोक्यावर असे तीन स्पष्ट कंगोरे नसतात. प्राणी उताणा पडला असेल तर ही खूण वाळूखाली दडते. म्हणून त्याला हलविण्याची वेळ येईल तेव्हा कोणी तरी छायाचित्र घेण्यास सज्ज असावे.

दुसरी खूण गळ्यावरील खाचांची. ब्रूडेच्या देवमाशाला सुमारे ४० ते ७० खाचा असतात आणि त्या हनुवटीपासून बेंबीपर्यंत किंवा तिच्याही पुढे जातात. सेई आणि मिंके यांच्या खाचा बेंबीच्या अलीकडेच संपतात. उताण्या प्राण्याच्या बाबतीत ही खूण सहज तपासता येते. परंतु निळ्या देवमाशाच्या खाचाही बेंबीपर्यंत पोहोचतात, हे विसरू नये. एकट्या खुणेवर निकाल देणे धोक्याचे.

तिसरी खूण तोंडातील पट्ट्यांची. वरच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस सुमारे २५० ते ३७० पट्ट्या असतात. रंग पाटीसारखा करडा, काही पुढच्या पट्ट्या फिकट. केस जाड व राठ. सेईचे केस रेशमासारखे तलम असतात. निळ्या देवमाशाच्या पट्ट्या रुंद असून केसांसकट काळ्याभोर असतात. कातडे सडून गेले तरी पट्ट्या काही काळ टिकतात, म्हणून या खुणेचे मोल अधिक.

चौथी खूण पाठीवरील पराची. तो पाठीच्या मागील तिसऱ्या हिश्शात असतो. उंच, मागे झुकलेला, कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा. निळ्या देवमाशाचा पर अगदी चिमुकला असतो आणि आणखी मागे असतो. त्याचे डोकेही वरून पाहिल्यास रुंद कमानीसारखे दिसते, ब्रूडेचे त्या मानाने निमुळते.

पाचवी खूण लांबीची, आणि ती जाणूनबुजून मागे ठेवली आहे. ब्रूडेचा मोठा प्रकार सुमारे पन्नास फुटांपर्यंत वाढतो. किनाऱ्याचा लहान प्रकार चाळीस फुटांच्या आगेमागे थांबतो. मादी नराहून मोठी असते. पूर्ण वाढलेला निळा देवमासा पासष्ट फुटांपलीकडे जातो. पण त्याचे पिल्लूही चाळीस फुटांचे असू शकते. सबब केवळ लांबीवरून नाव ठरवू नये. लांबी मोजावयाची ती मुस्कटाच्या टोकापासून शेपटाच्या पराच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. पोटाच्या फुगवट्यावरून फीत नेऊ नये.

रंगाचे काय, असे आपण विचाराल. जिवंत प्राणी वरून गडद करडा व पोटाकडे फिकट असतो. परंतु मेल्यावर वरची साल लवकर सुटते आणि खालचा पांढुरका वा तांबूस थर उघडा पडतो. मृत प्राण्याचा रंग ही भरवशाची साक्ष नव्हे.

आपल्या समुद्राचा रहिवासी

अनेक मोठे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडे जातात व हिवाळ्यात उष्ण समुद्रात येतात. ब्रूडेचा देवमासा तसा नव्हे. तो उष्ण व समशीतोष्ण पाण्याचाच रहिवासी आहे. तारली, बांगडा यांसारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांवर त्याची गुजराण चालते. म्हणजे ज्या माशांच्या मागावर आपले तांडेल जातात, त्याच माशांच्या मागे हाही असतो. जाळ्यात गुरफटणे आणि जहाजाची धडक बसणे हे त्याला असलेले मोठे धोके. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत समुद्रात मेलेले प्राणी आपल्या किनाऱ्याकडे लोटले जातात. २०१६ च्या जानेवारीत मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर जो मृत देवमासा आला, तोही ब्रूडेचाच असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. तेव्हा ‘मोठा देवमासा म्हणजे निळाच’ ही आपली समजूत सोडून दिली पाहिजे.

नावाने काय बिघडते?

मेला तो मेला, नाव कोणते का असेना, असा प्रश्न एका सरपंचांनी मला विचारला होता. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. शिकारीच्या काळात सेई व ब्रूडे यांची गणना कित्येक दशके एकत्रच होत राहिली. १९७० नंतरच्या दशकात ती स्वतंत्रपणे होऊ लागली. कोणत्या जातीचे किती प्राणी मारले गेले, हे त्यामुळे मागाहून सांगणे दुरापास्त झाले. आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकारीवर १९८२ मध्ये बंदी ठरविली आणि ती १९८६ पासून अमलात आली. पण ज्यांची मोजदादच चुकली, त्यांची भरपाई कशी मोजावी?

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९७० नंतरच्या दशकात जपानी जहाजांनी हिंदी-प्रशांत महासागरांतून काही लहान देवमासे पकडले. ते ब्रूडेचेच मानले गेले. १९९८ साली जपानच्या किनाऱ्याजवळ मच्छिमारी नौकेची धडक बसून मेलेल्या एका प्राण्याचा सांगाडा व जनुके तपासल्यावर आणि जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर कळले की ही जात सर्वस्वी निराळी आहे. २००३ मध्ये तिला जपानी शास्त्रज्ञ हिदेओ ओमुरा यांचे नाव मिळाले. ओमुराच्या देवमाशाला मधला कंगोरा ठळक असतो, बाजूचे जवळजवळ नसतात. गळ्यावरील खाचा ऐंशीच्या पुढे असतात. आणि खालच्या जबड्याची उजवी बाजू फिकट तर डावी गडद असते. २०१७ मध्ये श्रीलंकेच्या समुद्रातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातातील ज्या देवमाशांना ब्रूडेचे म्हणत, त्यांना २०२१ मध्ये राईसचा देवमासा अशी स्वतंत्र जात ठरविण्यात आले आणि ते अत्यंत थोडे उरल्याचे ध्यानात आले.

उद्या आपल्या पुळणीवर येणारा प्राणी ब्रूडेचा असेल किंवा ओमुराचाही असेल. तपासण्यापूर्वीच तो पुरला, तर ते कोणालाच कधी कळणार नाही.

आपण काय करावे

प्राणी जिवंत असेल तर प्रथम वनविभागाला कळवावे. राज्याच्या वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. अंगावर ओली फडकी टाकावीत, सावली करावी, परंतु श्वासरंध्रे कदापि झाकू नयेत आणि त्यांत पाणी जाऊ देऊ नये. शेपटाला दोर बांधून ओढू नये. त्याने मणके व सांधे निखळतात. गर्दी दूर ठेवावी. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला लागलेल्या पिलासाठी ग्रामस्थ आणि शासकीय कर्मचारी रात्रंदिवस खपले. त्याला समुद्रात परत नेण्यातही आले. पुढे ते वाचले नाही, तरी किनाऱ्यावरील माणसांची आस्था त्या प्रसंगी दिसून आली.

प्राणी मृत असेल तर लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये. कोणीही त्यावर चढू नये. फुगलेल्या पोटाला शस्त्र लावू नये. पुरण्यापूर्वी सहा छायाचित्रे घ्यावीत : डोके वरून, खालच्या जबड्याची उजवी व डावी बाजू अशी दोन, गळ्यापासून बेंबीपर्यंतचा भाग, पाठीवरील पर आणि तोंडातील पट्ट्या. शेजारी मोजपट्टी किंवा काठी ठेवावी म्हणजे आकार कळतो. सरळ लांबी, नर की मादी, दिनांक, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे कर्मचारी किंवा पशुवैद्यक कातड्याचा तुकडा तपासणीसाठी घेऊ शकतील एवढा अवधी मिळेल, असे पाहावे. खड्डा कोठे खणला, तेही नोंदवावे. पुढे सांगाडा काढावयाचा झाल्यास तीच नोंद उपयोगी पडते. सांगाडा जतन केला तर पिढ्यान्‌पिढ्या शिकवितो, हे रत्नागिरीच्या झाडगाव येथील मत्स्यसंग्रहालयात देवमाशाच्या हाडांसमोर थबकलेली मुले पाहिली की पटते.

दोन गोष्टी कायद्याच्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देवमाशांना सर्वोच्च संरक्षण आहे. हाड, पट्टी वा दुसरा कोणताही अवयव परवानगीवाचून घरी नेणे हा गुन्हा आहे. काही ठिकाणी ‘अंबर’ मिळेल या लोभाने प्रेताची चिरफाड होते. तो पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. ब्रूडेच्या देवमाशात तो नसतोच, आणि त्याची विक्री आपल्या देशात बेकायदेशीर आहे. मच्छिमार बांधवांनी हेही जाणून घ्यावे की, जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडल्यास कमाल पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ च्या डिसेंबरपासून आली. जाळे कापण्यापूर्वी आणि सोडताना छायाचित्र घेण्यास विसरू नये.

शेवटी एवढेच सांगतो. त्या दिवशी पुळणीवर अधिकारी होते, पत्रकार होते, बघे शेकड्यांनी होते. देवमाशाचे खरे नाव राहिले ते मात्र फीत आणि साधा भ्रमणध्वनी घेऊन आलेल्या एका शिक्षकामुळे. आपल्या प्रत्येक किनाऱ्यावरील गावात असा एक जण असावा आणि खड्डा बुजण्यापूर्वी त्याला हाक मारली जावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.